भागवत सोडून

मी ध्यान शिकले ते भागवतपेक्षा जास्त जगायचं म्हणून. मनःशांती वगैरे कारणं लोकांना सांगायला बरी असतात, मीही तीच सांगितली. पण हिंगोलीच्या डॉक्टरनं माझं बीपी पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "बाई, या वयात एवढं? असंच चाललं तर तुमचं काही खरं नाही," तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट आली. मी मेले तर भागवत सुटला. त्याला सुटू द्यायचं नव्हतं, म्हणून जगणं भाग होतं.

मी संध्या. जवळा बाजारहून आत, कच्च्या रस्त्याच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गाव माझंच. भागवत हा त्याच गावचा मोठा शेतकरी, पांढरेशुभ्र कपडे, गोड बोलणं, आणि गावात जीप आणणारा पहिला माणूस. तोंडावर मी त्याला भागवतराव म्हणायचे. मनात मात्र नुसता भागवत, आणि त्याच्या पुढं जे शब्द यायचे ते शिक्षिकेनं लिहू नयेत.

गोष्ट १९९१ च्या मे महिन्यातली. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. माझा धाकटा भाऊ रत्नपाल सकाळी रानात धसकटं वेचत होता आणि त्याच्या पायाला घोणस चावली. माझ्या बानं, सोनाजीनं, खांद्यावरचं उपरणं त्याच्या पिंढरीवर बांधलं. मी तशीच अनवाणी भागवतच्या दाराशी पळत गेले. जीप दारातच होती. धुऊन लखलखीत केलेली, पुढं आंब्याची डहाळी बांधलेली, सीटवर नवी कव्हरं. भागवत ओट्यावर बसून दाढी करत होता.

"मालक, रत्नपालला पान लागलं. जवळ्यापर्यंत गाडी काढा. हात जोडते."

त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. "डिझेल न्हाई."

"जवळ्यापर्यंत जाईल इतकं तरी..."

"टाकी कोरडी हाये म्हणलं ना. बैलगाडी जुंपा. बोलण्यात टाइम काहून घालवून राहिली?"

त्याच्या मागं चौकटीत त्याची बायको शालूबाई उभी होती. जरीच्या नव्या लुगड्यात. ती माझ्याकडं पाहत होती, मग तिनं मान खाली घातली.

तांड्यावरच्या खेमानं लगेच बैलगाडी जुंपली. रत्नपालचं डोकं माझ्या मांडीवर. तो शुद्धीवर होता. "अक्का, ऊन लई लागून राहिलं," एवढंच म्हणायचा आणि मी त्याच्या तोंडावर पदर धरायचे. घोणस माणसाला वेळ देते, हे पुढं डॉक्टरांनी सांगितलं. आम्हाला तिनं भरपूर वेळ दिला होता. बैलांच्या पायांत तो पुरला नाही. डांबरी सडक समोर दिसायला लागली आणि तो गेला. आम्ही परत आलो तेव्हा भागवतच्या दारात जीप नव्हती. घरदार घेऊन तो पुसेगावला लग्नाला गेला होता.

हे इतकंच असतं तर कदाचित मी रडून रडून थकले असते. पण भागवत लग्नाहून आला आणि त्यानं पारावर बसून एक गोष्ट रचली. म्हणे, त्यानं ताबडतोब माणूस पाठवून डबड्यात डिझेल मागवलं, जीप थेट आमच्या वस्तीत नेली, आणि पाहतो तर काय, सोनाजी पोराला घेऊन मांत्रिकाकडं गेलेला! "झाडफुंकीत घालवलं बिचाऱ्यानं पोरगं," असं तो हळहळून सांगायचा. हळहळणं त्याला फार चांगलं जमतं.

माझ्या बाला त्यापेक्षा जीपखाली घातलं असतं तरी चाललं असतं. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यानं देव्हारा उचलून नदीत सोडला होता. तेव्हापासून आमच्या घरात लिंबू फक्त वरणात पडायचं. अंगारा, दोरा, ताईत, कशालाही उंबरा ओलांडू दिला नाही त्यानं. वस्तीत कुणाचं लेकरू आजारी पडलं की हा माणूस दारात उभा राहून ओरडायचा, "दवाखान्यात न्या, देवऋष्याकडं नेलं तर माझ्याशी गाठ हाये." आणि त्याच माणसाला आता रस्त्यात कुणीही थांबवून विचारायचं, "सोनाजी, तू शाणा माणूस, काहून गेला रं मांत्रिकाकडं?" त्या सकाळी रानात कामाला गेलेली वस्तीतली काही माणसंसुद्धा अर्धवट विश्वास ठेवायला लागली. खेमानंही खरं काय ते सांगितलं, पण तांड्यावरच्या माणसाचं गावात कोण ऐकतं? बानं सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, मग बोलणंच सोडलं. चार वर्षांत तो गेला. मरताना त्याच्या छातीवर पोराच्या मरणाचं दुःख होतं आणि वर ही थाप.

मला सूड हवा होता. काय सूड, तेही पक्कं ठरलेलं होतं. सगळ्या गावासमोर खरं बोललं गेलं पाहिजे. टाकी भरलेली होती आणि माझा बा कुठल्याही मांत्रिकाकडं गेला नव्हता. त्याला मारायचं नव्हतं, त्याचं घर जाळायचं नव्हतं. एवढी दोन वाक्यं हवी होती, पण ती गावानं ऐकायला हवी होती.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. बा जिवंत असतानाच एकदा ग्रामसभेत उभी राहिले. तोंड उघडलं आणि घसा आवळला. कानशिलं तापली, हात लटलट कापायला लागले. जे आलं ती किंकाळी होती, आणि मागून शिव्या. मग मी तिथंच कोसळले. पाण्याचा तांब्या कुणी पुढं केला असेल? भागवतनं. "पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या," तो म्हणाला, आणि सगळ्यांना ते पटलं. पुढं आणखी दोन वेळा असंच झालं. मी खरं बोलायला उठायचे आणि वेडी ठरून बसायचे. रात्री झोप नाही, सकाळी जबडा आखडलेला, वर्गात फळ्यावर लिहिताना खडू मोडायचा. पोटात सतत आग. आणि शेवटी ते बीपी.

डॉक्टरनं गोळ्या दिल्याच, वर ध्यान करून बघा म्हणाला. नांदेडकडं दहा दिवसांचं शिबिर होतं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, कुणाच्या डोळ्यांत पाहायचं नाही. पहाटेपासून मांडी घालून बसायचं आणि श्वास बघायचा. घ्यायचा नाही, सोडायचा नाही, तो आपोआप येतो-जातो तसा नुसता बघायचा. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर एवढीशी जागा असते, तिथं आत जाणारा श्वास गार लागतो आणि बाहेर येणारा कोमट. बस, एवढंच. मला वाटलं, यासाठी एवढ्या लांब आले? नाक तर गावातही होतं.

पण बसून पाहा म्हणजे कळेल. दोन श्वास होत नाहीत तोच मन पळतं. माझं मन पळून नेहमी एकाच ठिकाणी जायचं, त्या जीपपाशी. आचार्य म्हणायचे, गेलं तर जाऊ द्या, चिडू नका, पुन्हा श्वासावर आणा. मी आणायचे. ते जायचं. मी आणायचे. गुडघ्यात सुरा खुपसल्यासारखी कळ यायची. ती नुसती बघत बसले की वाढायची, मग थरथरायची, मग विरायची. मला नवल वाटलं. राग यायचा तेव्हाही शरीरात काय होतं ते दिसायला लागलं. आधी पोट आवळतं, मग छातीत ऊब, मग कानशिलं, मग हात. त्याचा रस्ता मला पाठ झाला. पोटाशीच त्याला गाठलं आणि श्वासाकडं पाहिलं की तो हातापर्यंत पोचायचा नाही. गेला मात्र नाही. पोटात बसून राहायचा, शहाण्यासारखा.

तिथं मी आणखी एक गोष्ट पाहिली. माझ्या शेजारच्या आसनावरची एक बाई मधेच एका दुपारी हमसून हमसून रडायला लागली. मौन सुटल्यावर तिनं सांगितलं, सुनेला तिनं उपाशी ठेवलं होतं, बाळंतपणात. "डोळे मिटले की तीच समोर यायली, बाई. कुठं पळू?" आचार्य म्हणाले, असं होतं. बाहेरचा गलका थांबला की आतलं वर येतं. मी ते वाक्य जपून ठेवलं. माझ्या मनात तेव्हाच आलं, भागवतला एकदा असं बसवायला मिळालं तर!

शिबिराच्या शेवटी मैत्री शिकवली. साधना झाली की सगळ्या जगासाठी चांगलं चिंतायचं. सर्व प्राणी सुखी होवोत. मी आचार्यांना विचारलं, सर्व म्हणजे सर्वच? ते हसले. म्हणाले, "एखाद्याला देता येत नसेल तर तूर्त बाजूला ठेवा. जबरदस्ती करू नका."

तेव्हापासून मी रोज सकाळी बसायचे आणि शेवटी मनात म्हणायचे, सर्व प्राणी सुखी होवोत, भागवत सोडून. साप, विंचू, शिक्षणाधिकारी, सगळ्यांना सुख दिलं. ती घोणससुद्धा त्यात आली, तिला काय कळतं. फक्त हा एक बाजूला. माझी माय, पद्माबाई, चुलीपुढून विचारायची, "झालं का तुझं? वगळला का त्याला?"

"वगळला."

"मग च्या पी."

माय याच्या पलीकडं त्या विषयावर कधी बोलली नाही. तिनं रत्नपालचा फोटो मोठा करून आणला आणि आमच्या विहारात भिंतीवर लावला. विहार म्हणजे बानं वस्तीतल्या माणसांना घेऊन स्वतः मातीविटांचं काम करून उभी केलेली पत्र्याची खोली.

ध्यानानं मला फायदा झाला, हे मी खोटं कशाला सांगू? झोप यायला लागली. खडू मोडेना. बीपी उतरलं, डॉक्टरनं गोळी अर्ध्यावर आणली. वर्गात पोरांना मी परिपाठानंतर थोडा वेळ श्वास बघायला बसवायचे, तर गोंधळी पोरंसुद्धा पाढे नीट म्हणायला लागली. मग बायका आल्या. कुणाचं डोकं दुखायचं, कुणाला धाप लागायची, कुणाचा नवरा प्यायचा. सकाळी विहारात दहा-बारा जणी बसायला लागल्या. दवाखाना सोडू नका, गोळ्या सोडू नका, हे मी पहिल्याच दिवशी बजावायचे. बाची पोरगी होते मी.

आमचा हिंगोली जिल्हा झाला, रस्ता झाला, गावात आणखी जीपा आल्या. भागवतचं पोट सुटलं. आणि २००३ च्या हिवाळ्यात त्याला हार्ट अटॅक आला.

ऐकलं तेव्हा मी खडू खाली ठेवला आणि श्वास पाहिला. खरं सांगते, मला भीती वाटली. न बोलताच मेला तर? दुसऱ्या दिवशी सकाळी बसले तेव्हा पहिल्यांदा त्याला वगळताना अडखळले. मग म्हणाले, सुखी नको, पण जिवंत राहू दे.

तो राहिला. आणि थोड्या दिवसांनी शालूबाई माझ्या दारात आली. डोक्यावरून पदर, हातात दह्याचं गाडगं.

"बाई, डॉक्टरनं सांगितलं, गोळ्या घ्या आन् श्वासाचं ध्यान शिका म्हणून. इथं तुमच्याबगर कोणाला येतं? आमच्या घरी येऊन शिकवा. गाडी पाठवते."

गाडी पाठवते! माझ्या पोटात काय झालं ते मी बघितलं. "शिकवते," मी म्हणाले. "पण विहारात यावं लागेल. खाली बसावं लागेल, सगळ्या बायकांसोबत."

ती घुटमळली. "ते व्हय म्हणतील का न्हाई..."

"मग डॉक्टरांना सांगा, दुसरा इलाज करा."

मरणाची भीती माणसाला वाकवते. चौथ्या दिवशी भागवत आला. वस्तीत तो मतं मागायला सोडून कधी आला नव्हता. विहाराच्या दारात त्यानं चपला काढल्या, आणि माझ्या बानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसला. शालूबाई आत आली नाही, त्याला घरी न्यायला म्हणून उंबऱ्यावर टेकली. मी त्याला मुद्दाम रत्नपालच्या फोटोसमोर बसवलं. "डोळे मिटा," मी म्हणाले. "पाठ ताठ. श्वासाकडं लक्ष द्या. जे वर येईल ते येऊ द्या. पळू नका."

त्याला मी जितकं मन लावून शिकवलं तितकं कुणालाच शिकवलं नाही. त्याची पाठ वाकली की सरळ करायची, जांभई आली की पाणी द्यायचं, मन कुठं जातं ते रोज विचारायचं. बायकांना वाटलं, बाईचं मन केवढं मोठं. मी वाट बघत होते. मला ठाऊक होतं आत काय गाडलंय ते. आज ना उद्या ते वर येणार होतं, आणि आलं की त्याला माझ्याकडंच यावं लागणार होतं.

एका सकाळी साधना संपली आणि भागवतच्या गालांवर पाणी. बायका उठून गेल्या होत्या. उंबऱ्यावर शालूबाई तेवढी होती, डोळे मिटून, पदर तोंडावर घेऊन.

"बाई," भागवत म्हणाला, "डोळे मिटले की एकच दिसून राहिलं."

"बोला," मी म्हणाले. "मोकळेपणानं बोला."

"माझा सर्जा." तो हुंदका देऊन रडला. "दुष्काळात विकला बाई मी त्याला. कसा वळून बघत व्हता माझ्याकडं! कसायाच्या हाती गेला असंल. लई पाप झालं माझ्या हातून."

बैल! तेव्हाच बोलले असते तर पुन्हा किंकाळीच आली असती. पोट, छाती, कानशिलं. श्वास गार आत, कोमट बाहेर. मग विचारलं, "आणखी काही येतं वर?"

"न्हाई. बाकी समदं साफ हाये." त्यानं धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं आणि समोरच्या फोटोकडं पाहिलं. "रत्नपाल ना ह्यो? गुणी पोरगं. झाडफुंकीत गेलं बिचारं. मी तर गाडी घेऊन आलतो, पण सोनाजीनं ऐकलं न्हाई."

त्याच्या डोळ्यांत मी नीट पाहिलं. तिथं लबाडी नव्हती. इतकी वर्षं सांगून सांगून त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. त्याला आठवत होतं की तो गाडी घेऊन आला होता! अशा माणसाच्या आतून काय वर येणार, बैल येणार. बाहेर नळावर शालूबाई तोंड धूत होती. ती हल्ली बऱ्याचदा साधना चालू असतानाच उठून नळावर जायची. मी तिकडं कधी लक्ष दिलं नव्हतं.

मी हरले होते. आणि वर भागवत ठणठणीत व्हायला लागला. त्याला गाढ झोप लागायची. वजन उतरलं, चेहऱ्यावर तुकतुकी आली. हिंगोलीचा डॉक्टर म्हणाला, वा, काय करता तुम्ही? भागवत गावभर सांगत सुटला, "ध्यान करा रे, ध्यान. संध्याबाईनं मला जीवदान दिलं." घरी मी ताट पुढ्यात घेऊन तशीच बसायचे. माझ्या हातानं मी त्याचं आयुष्य वाढवून ठेवलं होतं.

२००४ च्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीसमोर माझा सत्कार ठेवला. ठेवला म्हणजे भागवतनंच. मांडव, लाउडस्पीकर, खुर्च्या. गाव आणि वस्ती, सगळे आले. माय पुढच्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात बसली. बायकांमध्ये शालूबाई होती. भागवतनं माझ्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि माईक घेतला.

"एक काळ व्हता," तो म्हणाला, "याच घरातलं पोरगं झाडफुंकीपायी गेलं. मी स्वतः गाडी घेऊन गेलतो, पण अज्ञान! आज बघा, त्याच सोनाजीची लेक गावाला विज्ञान शिकवून राहिली. टाळ्या वाजवा!"

टाळ्या वाजल्या. मी मायकडं पाहिलं. तिच्या हाताची मूठ मांडीवर वळलेली होती.

"आता बाई आपल्याला दोन मिनिटं ध्यान देतील," भागवत म्हणाला आणि माईक माझ्या हाती देऊन समोरच्या खुर्चीवर बसला. पाठ ताठ, डोळे मिटलेले. माझा उत्तम विद्यार्थी.

पोट आवळलं. ते बघितलं. छातीत ऊब आली, तीही बघितली. कानशिलांपाशी ती थांबली. मी हाताकडं पाहिलं. माईक हलत नव्हता.

"डोळे मिटा," मी म्हणाले. "पाठ ताठ ठेवा. श्वास येतोय, जातोय, त्याच्याकडं लक्ष द्या." एवढा मोठा जमाव गप्प झाला. झेंड्याचा दोर खांबावर आपटायचा तेवढा आवाज. "आता मैत्री. सर्व प्राणी सुखी होवोत." मी थांबले नाही. "भागवतराव सोडून."

डोळे उघडले सगळ्यांचे. कुणाला वाटलं माझी जीभ चुकली. मागून कुणीतरी म्हणालं, "काहून बाई?"

"सांगते काहून," मी म्हणाले, आणि सांगितलं. धडा शिकवते तसं. धसकटं, घोणस, उपरणं. धुतलेली जीप, आंब्याची डहाळी, नवी कव्हरं. "टाकी कोरडी हाये" हे त्याचे शब्द. खेमाची बैलगाडी. रत्नपालला लागलेलं ऊन. परत आलो तेव्हा रिकामं दार. आवाज एकदाही चढला नाही, एकदाही फाटला नाही. यासाठीच मी इतकी वर्षं नाकपुड्यांखाली गार आणि कोमट बघत बसले होते, हे मला बोलताबोलता कळलं. या वेळी कुणी तांब्या आणला नाही. कुणी म्हणालं नाही की पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

भागवत उठला. चेहरा दुखावलेला, अगदी खराखुरा. "बाई, हे तुमी काय बोलून राहिल्या? मी डिझेल आणलं, गाडी वस्तीत नेली. समद्या गावाला ठाऊक हाये."

गाव त्याच्याकडं पाहत होतं, माझ्याकडं पाहत होतं. आणि बायकांमधून शालूबाई उभी राहिली.

"टाकी भरलेली व्हती," ती म्हणाली. तिला माईक लागला नाही.

"शालू, खाली बस."

"लई बसले." तिचा पदर डोक्यावरून घसरला, तिनं सावरला नाही. "त्या विहाराच्या उंबऱ्यावर रोज बसून राहिले. तुमाला डोळे मिटून बैल दिसायचा. मला ही पोरगी दिसायची. आपल्या दारात हात जोडून, पायात चप्पल न्हाई." तिनं श्वास घेतला. "लग्नाला जायचं म्हणून टाकी आदल्या दिवशीच भरली व्हती. ही गेल्यावर तुमी मला काय म्हणले? सीट बाटतील, म्हणले. नवे कव्हर हायेत, म्हणले. गाडी वस्तीकडं गेलीच न्हाई, सरळ पुसेगावला गेली. सोनाजीदादा कोणत्या मांत्रिकाकडं गेला न्हाई. बैलगाडी जवळ्याच्या वाटेला लागली ते मी माझ्या डोळ्यानं बघितलं."

ज्याला मी समोर बसवून, पाठ सरळ करून शिकवलं त्याच्या आतून बैल निघाला, आणि जिच्याकडं मी ढुंकून पाहिलं नाही तिच्या आतून माझा भाऊ.

भागवतला काहीतरी आठवत होतं, मला दिसलं ते. आरसा, साबण, मागं उभी असलेली मी. छातीवर हात गेला, श्वास भराभर व्हायला लागला. दोघंतिघं पुढं धावले आणि मग थबकून माझ्याकडं पाहायला लागले, कारण त्याच्या श्वासाची मास्तरीण मी होते.

मी माईक तोंडाजवळ धरला. "भागवतराव, बसून घ्या. पाठ ताठ. श्वासाकडं लक्ष द्या. जे वर येईल ते येऊ द्या. पळू नका."

तो बसला. डोळे मिटले. श्वास हळूहळू लांब होत गेला, मी चांगलं शिकवलं होतं. मिटलेल्या पापण्यांतून पाणी यायला लागलं, आणि या वेळी ते बैलासाठी नव्हतं. सगळं गाव उभं राहून ते बघत होतं. मी पोटाकडं पाहिलं. तिथं आता आग नव्हती, आणि दयाही नव्हती. मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात माय उठली. गुडघ्यांवर हात टेकत माझ्यापाशी आली, माझ्या खांद्यांवरची शाल तिनं काढून घेतली, नीट घडी केली आणि भागवतच्या मांडीवर नेऊन ठेवली.

"ही घ्या मालक," ती म्हणाली. "तुमच्या गाडीच्या सीटवर अंथरा."